बोलण्यातली पाळी आणि सेकंदाचा पाचवा हिस्सा

दोन माणसे बोलत असताना एकाचे वाक्य संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते, त्या दोहोंच्या मधली रिकामी जागा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ती मोजली, तर बहुतेक वेळा सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा, एवढीच भरते. पापणी लवायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. एवढ्या अवधीत ऐकणाऱ्याने समोरच्याचे बोलणे संपले हे ओळखायचे, त्याचा अर्थ लावायचा, उत्तर ठरवायचे, त्यासाठी शब्द जुळवायचे आणि श्वास, जीभ व ओठ कामाला लावायचे, अशी अपेक्षा असते. खरे तर ही सगळी कामे तेवढ्या वेळात उरकणे शरीराला शक्यच नाही.

शक्य का नाही, ते साध्या हिशेबाने कळते. प्रयोगशाळेत एखाद्याला ओळखीच्या वस्तूचे चित्र दाखवून तिचे नाव विचारले, तर चित्र दिसल्यापासून तोंडातून शब्द फुटेपर्यंत सुमारे ६०० मिलिसेकंद जातात. शब्द रोजच्या वापरातला असला आणि माणूस तयारीत बसलेला असला, तरीही एवढा वेळ लागतोच. चित्रात कोण काय करत आहे हे एका छोट्या वाक्यात सांगायला लावले, तर हाच आकडा दीड सेकंदाच्या आसपास जातो. एका शब्दाला ६०० मिलिसेकंद लागत असतील आणि दोन बोलण्यांमधले अंतर २०० मिलिसेकंदांचे असेल, तर निष्कर्ष एकच निघतो: ऐकणारा माणूस समोरच्याचे वाक्य संपण्याची वाट पाहत नाही. वाक्य चालू असतानाच तो आपल्या उत्तराची जुळवाजुळव करू लागतो आणि हे वाक्य नेमके कुठे संपणार याचा अंदाज बांधून ठेवतो. ऐकणे आणि बोलण्याची तयारी ही दोन कामे काही काळ एकाच डोक्यात एकाच वेळी चालू असतात. संभाषणातल्या बऱ्याच गमतीजमती या एका गोष्टीतून उलगडतात.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास फार जुना नाही. १९६० च्या दशकात हार्वे सॅक्स हे तरुण अमेरिकन समाजशास्त्रज्ञ लॉस एंजेलिसमधील आत्महत्या प्रतिबंध केंद्रात येणाऱ्या दूरध्वनींची ध्वनिमुद्रणे ऐकत होते. केंद्रातील कर्मचारी फोन उचलताना आधी स्वतःचे नाव सांगत, म्हणजे पलीकडचा माणूसही आपसूक आपले नाव सांगेल, असा त्यामागे हेतू होता, आणि बहुतेक वेळा तसे घडतही असे. मात्र एका फोनवर पलीकडच्या माणसाने नाव सांगण्याऐवजी ‘ऐकू येत नाही’ असे म्हटले. कर्मचाऱ्याने आपले नाव पुन्हा सांगितले, पलीकडच्याने ते नीट ऐकल्याची खात्री करून घेतली, आणि एवढ्यात नाव सांगण्याची त्याची पाळी टळून गेली. त्याने नाव सांगायला नकार दिला नव्हता. फक्त नावासाठी मोकळी झालेली जागा दुसऱ्या कशाने तरी भरून टाकली होती. प्रत्येक बोलणे पुढच्या बोलण्यासाठी विशिष्ट प्रकारची जागा तयार करते आणि माणसे त्या जागेचा अतिशय बारकाईने वापर करतात, हे सॅक्स यांच्या लक्षात आले ते अशा उदाहरणांमधून.

सॅक्स यांनी इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांच्यासह १९७४ साली पाळीचे नियम मांडले. ते अगदी थोडक्यात सांगता येतात. बोलणारा माणूस एखाद्याला प्रश्न विचारून, नाव घेऊन किंवा नुसते त्याच्याकडे पाहून पुढची पाळी देऊ शकतो. तशी ती कोणाला दिली नसेल, तर जो आधी तोंड उघडेल त्याची पाळी. कोणीच पुढे आले नाही, तर आधीचाच माणूस पुढे बोलत राहू शकतो. प्रत्येक वेळी बोलण्याचा एक तुकडा पूर्ण होण्याच्या जागी हे नियम लागू होतात, आणि तो तुकडा वाक्याचा, शब्दसमूहाचा किंवा नुसत्या ‘हो’चाही असू शकतो. कोणी किती वेळ बोलायचे, किती जणांनी बोलायचे, कोणानंतर कोणी बोलायचे, यांतले काहीही आधी ठरलेले नसते. तरीही एका वेळी साधारणपणे एकच जण बोलतो. इंग्रजीतील दूरध्वनी संभाषणांच्या एका मोठ्या संग्रहात दोघांचे बोलणे एकमेकांवर चढल्याचा वेळ एकूण वेळेच्या ४ टक्क्यांच्या आसपास निघाला. सभेला अध्यक्ष असतो, न्यायालयात न्यायाधीश असतो. घरातल्या गप्पांना असा कोणी नसतो आणि तरी हे घडते, हे मला या सगळ्या शोधातले सर्वांत विलक्षण वाटते.

जेफरसन यांचे या कामातील योगदान अनेकदा झाकले जाते. ध्वनिमुद्रणे ऐकून ती कागदावर उतरवण्याची जी पद्धत त्यांनी घडवली, ती आज जगभर वापरली जाते. तिच्यात मौनाची लांबी सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत कंसात लिहितात, दोघांचे बोलणे जिथे एकमेकांवर चढते तिथे चौकटी कंसाने खूण करतात, बोलण्याआधी ऐकू येणारा श्वास नोंदवतात, आणि हसणेदेखील ‘ते हसले’ असे न लिहिता एकेका ध्वनीनिशी उतरवतात. असा एक मिनिटाचा मजकूर तयार करायला कितीतरी पट वेळ खर्ची पडतो, पण ज्याला आपण अडखळणे किंवा पाल्हाळ म्हणून सोडून देतो, त्यातही शिस्त आहे हे अशा नोंदींमुळेच दिसू लागले.

आता मूळ प्रश्न असा, की वाक्य कुठे संपणार हे ऐकणाऱ्याला आधीच कसे कळते? आवाज खाली उतरला की बोलणे संपले, असे सहज उत्तर सुचते. नेदरलँड्समधील नाइमेखन येथील मॅक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००६ साली हे उत्तर तपासून पाहिले. त्यांनी खऱ्याखुऱ्या डच संभाषणांचे तुकडे लोकांना ऐकवले आणि बोलणे संपेल असे वाटते त्या क्षणी बटण दाबायला सांगितले. काही तुकड्यांमधला स्वरांचा चढउतार त्यांनी यंत्राने पुसून बोलणे एकसुरी केले होते. काहींमधले शब्द ओळखू येणार नाहीत असे धूसर करून फक्त चढउतार ठेवला होता. एकसुरी बोलण्याचा शेवट लोकांनी मूळ बोलण्याइतक्याच अचूकपणे ओळखला. शब्द काढून घेतल्यावर मात्र त्यांचा अंदाज स्पष्टपणे ढासळला. यावरून शेवट ओळखण्याचा मुख्य आधार शब्द आणि वाक्यरचना हा असतो, असे त्या संशोधकांनी म्हटले. आवाजाला काहीच काम नसते असा याचा अर्थ नाही. पुढे झालेल्या अभ्यासांत शेवटचा स्वर किंचित लांबणे आणि आवाजाची पट्टी बदलणे यांचाही उपयोग होतो असे दिसले. वाक्यरचना शेवट जवळ आल्याचे सांगते आणि आवाज त्यावर शिक्कामोर्तब करतो, असे मानणे योग्य ठरेल.

इथे मराठी बोलणाऱ्याला एक शंका येणे स्वाभाविक आहे. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि होकार-नकारही तिथेच ठरतो. ‘मी उद्या तिथे येणार’ इथपर्यंत ऐकल्यावरही पुढे ‘आहे’ येईल, ‘नाही’ येईल की ‘होतो, पण’ येईल, हे निश्चित नसते. मग अशा भाषांमध्ये ऐकणाऱ्याला उत्तराची तयारी उशिराच सुरू करावी लागत असेल आणि दोन बोलण्यांमधले अंतर मोठे असेल, असे वाटते. जपानी भाषेतही क्रियापद शेवटी येते आणि नकार क्रियापदाच्या प्रत्ययातच असतो. तरीही ज्या दहा भाषांची मोजणी पुढे झाली, त्यांत सर्वांत चटकन उत्तरे जपानी भाषकांनी दिली. माझ्या समजुतीप्रमाणे याचे एक कारण असे असावे, की अशा भाषांत क्रियापदानंतरही काही हलकी अक्षरे येतात. मराठीतले ‘ना’, ‘का’, ‘बरं का’ यांसारखे शब्द उच्चारले जात असताना मुख्य मजकूर आधीच ऐकणाऱ्याच्या हाती आलेला असतो, त्यामुळे त्याला थोडी उसंत मिळते.

उत्तराची तयारी नेमकी कधी सुरू होते, याचा माग मेंदूतील विद्युत लहरी मोजूनही घेतला गेला आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहभागी व्यक्तींना प्रश्नमंजूषेसारखे प्रश्न विचारण्यात आले. प्रत्येक प्रश्नाची रचना दोन प्रकारे केली होती: एका प्रकारात उत्तर सुचवणारा दुवा (जेम्स बाँड हे उत्तर असेल तर ००७ हा त्याचा क्रमांक) मध्यावरच येई, तर दुसऱ्यात तो अगदी शेवटी. दुवा मध्यावर आला, की प्रश्न अजून चालू असतानाच, त्या दुव्यानंतर अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदूत बोलण्याच्या तयारीच्या खुणा उमटत. उत्तर तयार ठेवून माणूस उरलेला प्रश्न ऐकत असे आणि प्रश्न संपताच बोलत असे.

हे सगळे नियम पाश्चात्त्य लोकांच्या बोलण्यावरून काढलेले आहेत, असा आक्षेप बराच काळ घेतला जात होता आणि तो रास्तही होता. उत्तर युरोपातील लोक दोन वाक्यांच्या मध्ये लांब मौन पाळतात, अमुक समाजातील लोक एकमेकांच्या बोलण्यावर सतत कुरघोडी करतात, अशी वर्णने मानववंशशास्त्राच्या लेखनात विपुल आहेत. तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रत्यक्ष मोजणी प्रसिद्ध केली. दहा भाषांमधील अनौपचारिक गप्पांची चित्रमुद्रणे घेऊन त्यांनी हो-नाही असे उत्तर मागणारे प्रश्न निवडले आणि प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ मोजला. त्यांत डॅनिश, डच, इटालियन, इंग्रजी, जपानी आणि कोरियन यांच्याबरोबर लाओ, मेक्सिकोतील त्सेल्ताल, पापुआ न्यू गिनीच्या रॉसेल बेटावरील येली द्न्ये आणि नामिबियातील एका समूहाची भाषा यांचाही समावेश होता. दहाही भाषांची सरासरी २०८ मिलिसेकंद आली. जपानीची सरासरी ७ मिलिसेकंद होती, डॅनिशची ४६९. म्हणजे फरक आहेत, पण सगळे अर्ध्या सेकंदाच्या आत. डॅनिश माणूस परक्याला संथ वाटतो तो सरासरीपेक्षा पडणाऱ्या या पाव सेकंदाच्या फरकामुळे. आपल्या नेहमीच्या लयीपेक्षा एवढासा उशीरही कानाला मोठा जाणवतो.

त्याच मोजणीतून आणखी एक गोष्ट निघाली. सर्व भाषांमध्ये प्रश्नाला खरे उत्तर चटकन येते, आणि ‘माहीत नाही’ यांसारखे बगल देणारे बोलणे उशिरा. होकारही नकारापेक्षा लवकर येतो. याचा परिणाम असा, की वेळ हीच एक भाषा होऊन बसते. ‘उद्या सामान हलवायला येशील का?’ असे एकाने विचारले आणि पलीकडून लगेच काही आले नाही, तर विचारणारा त्या अर्ध्या-पाऊण सेकंदातच नकार ऐकू लागतो. अनेकदा तो उत्तराची वाट न पाहता स्वतःच प्रश्न सैल करतो: ‘म्हणजे जमत असेल तर, नाहीतर मी बघतो दुसरं काही.’ समोरच्याने अजून एक अक्षरही उच्चारलेले नसते. इंग्रजी संभाषणांतील मौने जेव्हा जेफरसन यांनी मोजली, तेव्हा माणसे साधारण एका सेकंदापर्यंत थांबतात आणि मग कोणीतरी काहीतरी बोलून ती पोकळी भरून काढते, असे त्यांना आढळले. घड्याळाच्या हिशेबाने एक सेकंद म्हणजे काहीच नाही, पण संभाषणात तेवढ्यात माणूस नाराज आहे की काय इथपर्यंत विचार जाऊन पोहोचतो.

उशीर होणार हे ज्याला आधी कळते, तो तशी सूचना देतो. ‘अं’ हा उच्चार त्यासाठीच असतो. वक्तृत्वाच्या वर्गात त्याला हाकलून लावतात, कारण व्यासपीठावर वक्त्याची पाळी कोणी हिरावून घेणार नसते. दोघांच्या गप्पांत मात्र तो ‘पाळी माझी आहे, शब्द येत आहेत, थांब’ असा निरोप देतो. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी २००२ साली इंग्रजीतील अशा दोन उच्चारांची तुलना केली, तेव्हा एक उच्चार छोट्या विलंबाआधी आणि दुसरा मोठ्या विलंबाआधी येतो असे त्यांना दिसले. लांब उत्तर देणारा माणूस बोलण्याआधी ऐकू येईल असा श्वास घेतो, त्यातूनही तोच निरोप जातो.

ऐकणाऱ्याचे कामही नुसते गप्प बसण्याचे नसते. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो हे आपल्याला परंपरेने ठाऊक आहे. तो खरोखर किती लागतो हे जॅनेट बॅव्हेलास आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले. त्यांनी काही लोकांना आपण थोडक्यात कसे बचावलो याचा प्रसंग सांगायला लावले. ऐकणाऱ्यांपैकी काहींना एक गुप्त काम दिले होते: सांगणाऱ्याच्या तोंडी एका ठरावीक अक्षराने सुरू होणारा शब्द आला की बटण दाबायचे. हे श्रोते शब्द काळजीपूर्वक ऐकत होते, पण गोष्ट ऐकत नव्हते. त्यांच्याकडून नेमक्या जागी येणारे दचकणे किंवा हळहळणे जवळजवळ थांबले, आणि त्याबरोबर सांगणाऱ्यांची गोष्टही बिघडली. विशेषतः शेवटाकडे ते घुटमळू लागले, तेच तेच पुन्हा सांगू लागले, आपण एवढे का घाबरलो होतो याचे समर्थन करू लागले.

मग गैरसमज किती होतात? बरेच होतात, आणि ते दुरुस्त करण्याची सोय पाळीच्या व्यवस्थेतच आहे. बारा भाषांच्या एका अभ्यासात, २०१५ साली, साधारण दर १.४ मिनिटाला कोणीतरी समोरच्याला बोलणे पुन्हा सांगायला किंवा स्पष्ट करायला लावतो असे आढळले. त्याचे मार्ग सगळीकडे सारखेच होते: नुसते ‘हं?’ किंवा ‘काय?’ म्हणणे, ‘कोण आला म्हणालास?’ असा नेमका भाग विचारणे, किंवा ‘म्हणजे धाकटा ना?’ अशी आपली समजूत पडताळून पाहणे. शक्य असेल तेव्हा माणसे यांपैकी समोरच्याला कमी कष्ट देणारा मार्ग निवडतात. यांपैकी ‘हं?’ या पहिल्या उच्चाराचे रूप एकमेकींशी नाते नसलेल्या भाषांतही जवळजवळ सारखे आहे, असे मार्क डिंगेमान्से आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते. त्यांचे स्पष्टीकरण पाळीच्या घाईशी जुळते: ऐकू आले नाही हे लगेच कळवायचे असते, आणि फारशी तयारी न करता तोंडातून निघू शकतील असे ध्वनी मोजकेच आहेत. या संशोधनाला २०१५ साली विनोदी संशोधनासाठीचे इग नोबेल मिळाले, पण काम मात्र गंभीर आहे.

पाळीची ही लय आवाजापुरती मर्यादित नाही. नेदरलँड्समधील सांकेतिक भाषेत हात उचलण्याची पूर्वतयारी वगळून मुख्य खुणेपासून मुख्य खुणेपर्यंतचा वेळ मोजला, तेव्हा तो बोलीभाषांच्याच पट्ट्यात आला. तीन ते पाच महिन्यांची बाळे आईच्या आवाजाला आळीपाळीने आणि बऱ्यापैकी चपळाईने हुंकार देतात. नऊ महिन्यांच्या सुमारास मात्र ती मंदावतात. ही पीछेहाट नाही. अर्थ असलेले काही बोलायचे म्हटले की डोक्यावरचा भार वाढतो, आणि पुढे कित्येक वर्षे मुलांची उत्तरे मोठ्यांपेक्षा उशिरा येत राहतात. दक्षिण अमेरिकेतील मार्मोसेट ही छोटी माकडेदेखील एकमेकांना न दिसता आळीपाळीने साद घालतात. त्यांच्यातले अंतर मात्र सुमारे पाच सेकंदांचे असते.

एवढी घट्ट लय तंत्रज्ञानाने थोडी जरी ढळली, तर काय होते हे दूरसंचार अभियंत्यांना खूप आधीपासून ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचण्यातला विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा आणि ४०० च्या पलीकडे जाऊ नये. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असतो. आवाज वर जाऊन खाली यायला प्रकाशाच्या वेगानेही सुमारे पाव सेकंद लागतो. मी प्रश्न विचारला, पलीकडच्याने त्याच्या दृष्टीने २०० मिलिसेकंदांत उत्तर दिले, तरी जाण्यायेण्याचा अर्धा सेकंद धरून मला ते सुमारे ७०० मिलिसेकंदांनी ऐकू येते. हे अंतर नेमके तिथे पडते, जिथे समोरासमोरच्या बोलण्यात आपण नकाराची किंवा नाखुशीची शंका घेऊ लागतो. चित्रसंवादाच्या दुव्यावर, संगणक आणि जाळे यांचा विलंब मिळून, असेच घडते. मी पोकळी भरायला पुन्हा बोलू लागतो आणि त्याच क्षणी त्याचे उत्तर येऊन धडकते. दोघेही थांबतात, दोघेही ‘बोला, बोला’ म्हणतात, आणि तेही एकदमच. विलंबाची कल्पना नसलेल्या लोकांवर जर्मनीत केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत माणसांनी दोष तारेला न देता समोरच्या व्यक्तीला दिला: ती त्यांना कमी लक्ष देणारी वाटली.

बोलणाऱ्या यंत्रांची अडचण याच्या बरोबर उलट आहे. आवाजावर चालणारे साहाय्यक अनेकदा एक ठरावीक मौन पडेपर्यंत थांबतात आणि मग माणसाचे बोलणे संपले असे धरून चालतात. हे मौन लांब ठेवले, तर यंत्र मंद वाटते. आखूड ठेवले, तर ते माणसाला मध्येच तोडते. याचे कारण असे, की एकाच माणसाच्या बोलण्यातला खंड दोन माणसांच्या पाळ्यांमधल्या खंडापेक्षा अनेकदा मोठा असतो. कोणी दहा आकडी क्रमांक सांगताना तीन आकड्यांनंतर क्षणभर थांबला, तर ऐकणारा माणूस स्वस्थ राहतो, कारण सात आकडे अजून यायचे आहेत हे त्याला माहीत असते. नुसती शांतता मोजणारे यंत्र तेवढ्यात क्रमांक अपुरा असल्याचे सांगू लागते. म्हणून आता अशा यंत्रांना आतापर्यंतचे शब्द, वाक्याची रचना आणि आवाजाचा उतार यांवरून बोलणे कुठवर जाणार याचा आधीच अंदाज बांधायला शिकवले जात आहे.